कॅनन ५० एमएम एफ/१.८ : तीन पिढ्यांची फिफ्टी आणि सेकंड हॅन्ड घेताना काय तपासायचं

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सनंतर पहिली लेन्स कोणती घ्यावी, असं विचारलं की कॅननवाले डोळे मिटून सांगतात, "फिफ्टी घे." सल्ला चांगलाच आहे. पण ‘फिफ्टी’, म्हणजे झूम नसलेली ५० एमएम एफ/१.८, या एका नावाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या लेन्स फिरतात. त्यांच्या काचा जवळपास सारख्या, बाकी सगळं वेगळं. त्यात सेकंड हॅन्ड बाजारात तिन्हींचे भाव एकमेकांत मिसळलेले असतात. आधी आपल्यासमोर नक्की कोणती ठेवली आहे हे ओळखायचं, मग ती आपल्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) आणि आपल्या घराच्या खोलीत चालेल का ते बघायचं. भाव त्यानंतर.

पहिली फिफ्टी १९८७ ची, म्हणजे कॅननच्या ईओएस मालिकेच्या सुरुवातीची. माउंट (कॅमेऱ्याला लेन्स जिथे जोडली जाते ती कडी) धातूचं, वजन १९० ग्रॅम, आणि पाठीवर अंतराचे आकडे दाखवणारी छोटी खिडकी. खिडकी दिसली की ओळख पटली. दुसरी, मार्क टू, १९९० च्या अखेरीस आली. माउंट प्लॅस्टिकचं झालं, खिडकी गेली, वजन १३० ग्रॅमवर आलं, आणि फोकस रिंग म्हणजे लेन्सच्या तोंडाशी असलेली एक पातळ, खरखरीत कड उरली. पंचवीस वर्षं हीच विकली गेली, म्हणून जुन्या बाजारात सगळ्यात जास्त हीच दिसते. तिसरी एसटीएम (स्टेपिंग मोटरवाली), मे २०१५ ची. माउंट परत धातूचं, वजन १६० ग्रॅमच्या आसपास, अ‍ॅपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या छिद्राची) पाती ५ ऐवजी ७ आणि कडा गोलसर. आधीच्या दोन्ही ४५ सेमीच्या आत फोकस करत नाहीत, ही ३५ सेमीपर्यंत जाते. फिल्टरचा आटाही बदलला, ५२ चा ४९ एमएम झाला. जुन्या मार्क टूचा फिल्टर एसटीएमवर चढणार नाही, हे सेटमध्ये फिल्टर ‘फुकट’ देणाऱ्याला आठवण करून द्यावं लागतं.

तिन्हींची मूळ रचना एकच: ५ गटांत ६ काचा. या रचनेचं मूळ १८९६ साली झाइसमध्ये पॉल रुडॉल्फ यांनी आखलेल्या प्लानार लेन्सपर्यंत जातं. मध्ये अ‍ॅपर्चर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण सममित काचा, त्यामुळे बऱ्याच चुका आपोआप एकमेकांना खोडतात. महाग काच किंवा अवघड घडण न वापरताही चांगलं चित्र मिळतं. फिफ्टी स्वस्त आहे ती मुख्यतः या रचनेमुळे, काचांत काटकसर केली म्हणून नव्हे, आणि हे समजलं की तिच्याबद्दलचा आदर वाढतो. एसटीएममध्ये काचांच्या जागा थोड्या बदलल्या आहेत आणि लेप नवा आहे, त्यामुळे उजेडासमोर रंग जरा कमी फिके पडतात. पण नुसता तीक्ष्णपणा पाहिला तर मार्क टू आणि एसटीएममध्ये फार फरक निघत नाही.

मग किट लेन्सपेक्षा मिळतं काय? १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा उघडत नाही. ५५ ला ५.६ ने भागा, उजेड आत येण्याचं दार साधारण १० मिमी व्यासाचं. फिफ्टीचं ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिमी. सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) पडणारा उजेड साडेनऊ पटींहून जास्त. किट लेन्सवर जिथे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लावून फोटोत दाणे घ्यावे लागतात, तिथे फिफ्टीवर ६४० ते ८०० मध्ये काम होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात खेळणारं मूल, हळदीचा कार्यक्रम, संध्याकाळी ओट्याशी उभी आजी, हे फोटो त्या फरकामुळेच शक्य होतात.

एक मोठी अडचण मात्र दुकानात कुणी सांगत नाही. १५००डी, २००डी, ८०डी यांसारख्या बॉडींमध्ये सेन्सर लहान आहे. त्यावर फिफ्टीत दिसणारी चौकट फुल फ्रेमवरच्या (फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) ८० एमएम लेन्सइतकी अरुंद होते. डोकं-खांदे एवढा फोटो हवा तर समोरच्यापासून साधारण दीड मीटरवर उभं राहायचं, ते कुठेही जमतं. पण कॅमेरा उभा धरून पायापासून डोक्यापर्यंत माणूस घ्यायचा असेल तर पावणेपाच मीटर मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तेवढी जागाच नाही, पाठ भिंतीला लागते. पाच जणांची रांग आडव्या फ्रेममध्ये बसवायला साडेपाच मीटरहून जास्त लागतात. फुल फ्रेम बॉडीवर तोच उभा माणूस ३ मीटरवरून मावतो.

म्हणून ज्याचे बहुतेक फोटो घरातले, वाढदिवसाचे, चारजणांत बसलेले असे असतात आणि बॉडी लहान सेन्सरची आहे, त्याने फिफ्टीच्या आधी ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बघावी. ती १२५ ग्रॅमची चकती आहे, उजेड फिफ्टीपेक्षा कमी घेते, पण खोलीत फिरता येतं आणि १६ सेमीपर्यंत जवळ जाऊन ताटातला पदार्थही घेता येतो. चेहरे, दागिने, व्यासपीठावरचा वक्ता, एकट्या माणसाचे फोटो, हे जास्त असेल तर फिफ्टीच. हा निर्णय पैसे देण्याआधी करायचा. किट लेन्स ५० वर लावून, झूम रिंगला चिकटपट्टी मारून एक रविवार तेवढ्यावरच फोटो काढले की उत्तर मिळतं. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता १.८ वर काय होतं ते बघू. नव्याने घेणारे इथेच निराश होतात आणि दोष लेन्सला देतात. दीड मीटरवर, लहान सेन्सरवर, १.८ ला फोकसमध्ये राहणारा पट्टा सगळा मिळून सुमारे ६ सेमीचा असतो. म्हणजे पुढे ३, मागे ३. चेहरा जरा तिरका असला की एक डोळा सुईसारखा आणि दुसरा मऊ. त्यातच सवय अशी असते की मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करायचं आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम लावायची. १० अंश वळवलं तरी फोकसची पातळी डोळ्याच्या सव्वादोन सेमी मागे सरकते. त्यात आपण श्वासाबरोबर सेंटिमीटरभर हललो की फोकस कानावर. मग ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणून ती ओएलएक्सवर जाते. उपाय साधा आहे: डोळ्याच्या जवळचा फोकस पॉइंट निवडा, किंवा अ‍ॅपर्चर २.८ करा. २.८ ला पट्टा साडेनऊ सेमीच्या आसपास होतो आणि लेन्स खरी तीक्ष्णही तिथेच होते. २००डी किंवा ८०डी असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, फोकस थेट सेन्सरवरून आणि झटपट होतो, १.८ ला तो जास्त भरवशाचा. १३००डी आणि १५००डीमध्ये तो फार संथ, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ९ पैकी फक्त मधला पॉइंट क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे. तिथे मधलाच पॉइंट वापरा, फ्रेम थोडी मोकळी ठेवा आणि नंतर कापा.

१.८ वर दुसरी गोष्ट दिसते ती रंगीत कडांची. चांदीचे पैंजण, पाण्यावरची तिरीप, पांढऱ्या साडीची जरी, उन्हातली स्टीलची भांडी: फोकसच्या जरा पुढे असेल तर जांभळी कड, मागे असेल तर हिरवट. ही या रचनेतली मूळ चूक आहे, तिन्ही पिढ्यांत आहे, त्यामुळे बदलून दुसरी फिफ्टी घेऊन जाणार नाही. २.८ ला बरीच कमी होते, ४ ला जवळपास दिसत नाही. फुल फ्रेमवर १.८ ला कोपरे काळवंडतात आणि रात्रीचे दिवे कोपऱ्यात पंख फुटल्यासारखे दिसतात. लहान सेन्सर मधलाच भाग वापरतो म्हणून तिथे हे फारसं जाणवत नाही. सपाट विषयासाठी, म्हणजे पोथीचं पान किंवा चित्र घ्यायचं असेल तर ५.६. १६ च्या पुढे मात्र जाऊ नका, छिद्र फार लहान झालं की उजेड पसरतो आणि सगळंच मऊ होतं.

पात्यांचा फरक कुठे दिसतो? दिवाळीची माळ मागे ठेवून २.८ वर फोटो काढा. मार्क टूमध्ये मागचा प्रत्येक दिवा स्पष्ट पंचकोन होतो, एसटीएममध्ये बऱ्यापैकी गोल राहतो. १.८ वर पाती पूर्ण आत गेलेली असतात, त्यामुळे तिथे दोघींचेही गोलच. ज्याला माळांसमोर माणसं काढायची आवड आहे त्याच्यासाठी एवढं एक कारण एसटीएमला पुरेसं आहे.

आरतीच्या फोटोंचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण फिफ्टी हमखास बाहेर निघते ती गणपतीत. निरांजनाची ज्योत फ्रेमच्या डावीकडे खाली असेल आणि फोटोत उजवीकडे वर एक फिकट, उलटी ज्योत तरंगताना दिसली, तर लेन्स खराब नाही, पुढे लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढा. सेन्सरवरून परतलेला उजेड त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूला उतरतो. ओळखायची खूण तीच: मूळ ज्योत, फोटोचा मध्य आणि भुताची ज्योत एका रेषेत असतात. संरक्षण हवं तर फिल्टरपेक्षा हूड (लेन्सच्या तोंडावरची कडी) चांगला. एसटीएमचा ईएस-६८ हूड बाहेरच्या स्थिर नळीवर बसतो, त्यामुळे फोकस करताना पुढे येणारी आतली नळी धक्क्यापासून वाचते.

त्याच मंडपात एलईडी पट्ट्या असतील तर फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे सहसा जातात. ज्या सजावटीचे दिवे स्वतःच्या सर्किटवर वेगळ्या गतीने लुकलुकतात तिथे हा उपाय चालत नाही. लेन्समध्ये स्थिरीकरण नाही, तेव्हा लहान सेन्सरवर १/१०० हातात धरायला ठीक, १/५० ला कोपर पोटाशी टेकवा. धावणाऱ्या मुलांना निदान १/२५०.

व्हिडिओसाठी घेणाऱ्यांनी एक ऐकून ठेवा, शब्दशः. एसटीएम म्हटलं की आवाज नाही असा समज आहे. या लेन्समधली मोटर गिअरवाली आहे, १८-५५ एसटीएमसारखी स्क्रूवर चालणारी नाही. शांत खोलीत कॅमेऱ्याच्या माइकमध्ये तिची किरकिर येते. कॉलर माइक लावा, प्रश्न मिटला. मार्क टूचा आवाज तर समोरच्या माणसालाही ऐकू जातो.

आता सेकंड हॅन्ड घेताना. मुंबईत फोर्टचा बोरा बाजार असो, दिल्लीत चांदनी चौकातली कूचा चौधरी असो की ओळखीतला लग्नाचा फोटोग्राफर, स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन जायचं. दुकानाच्या बॉडीवर तपासलेली लेन्स आपल्या बॉडीवर तशीच वागेल याची खात्री नसते.

आधी टॉर्च. कॅननच्या ईएफ (या तिन्ही फिफ्टी ज्या मालिकेतल्या त्या) लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून काढल्यावर उघडंच राहतं, त्यामुळे आरपार बघणं सोपं. टॉर्च मागून, थोडा तिरका धरा आणि पुढून बघा; मग उलट. सरळ उजेडात सगळ्याच लेन्समध्ये धूळ दिसते, तिला घाबरू नका. पाच-दहा कणांनी फोटोत काही होत नाही. बघायचं ते तीन गोष्टींसाठी. पहिलं, काचेच्या कडेपासून आत पसरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे: ही बुरशी. दुसरं, धुरकटपणा. काच श्वास टाकल्यासारखी दिसते आणि पुसून जात नाही, कारण थर आतल्या काचेवर असतो. उजेडासमोर फोटो पांढुरका येईल. तिसरं ओरखडे, आणि इथे पुढच्या काचेपेक्षा मागची महत्त्वाची. पुढच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा फोटोत शोधूनही सापडत नाही. मागची काच सेन्सरच्या जवळ, तिथला ओरखडा दिव्यांसमोर उमटतो.

मग लेन्स कानाशी धरून हळू हलवा. एसटीएमची आतली नळी थोडी डुगडुगते, ते ठीक. खुळखुळ वाजत असेल तर आत काहीतरी सुटलेलं आहे. मार्क टूच्या बाबतीत पुढचा आणि मागचा भाग जिथे जुळतो तो सांधा नखाने बघा. ही लेन्स पडली की सहसा तिथे दोन तुकडे होतात, आणि दाबून परत बसवताही येतात. अशी बसवलेली लेन्स दुकानात नीट दिसते, पण पुढचा भाग कणभर तिरका बसलेला असतो. फिल्टरच्या आट्याची कडही बघा. चेपलेली कड म्हणजे तोंडावर पडलेली लेन्स.

बॉडीला लावून अ‍ॅपर्चर ११ आणि शटर २ सेकंद ठेवा, फोटो काढा आणि त्या दोन सेकंदांत लेन्सच्या तोंडात बघा. पाती झटकन एका आकारात मिटली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चकाकी असेल किंवा एखादं पातं मागे राहत असेल तर ठेवून द्या. १.८ वर व्यवस्थित आणि अ‍ॅपर्चर बदललं की ‘एरर ०१’, असं झालं तर आधी लेन्सचे सोनेरी पॉइंट कोरड्या मऊ कापडाने पुसून बघा. तरीही येत असेल तर आतल्या पात्यांच्या यंत्रणेत किंवा विजेच्या पट्टीत बिघाड आहे, आणि या किमतीच्या लेन्सला ती दुरुस्ती परवडत नाही. विक्रेता फक्त १.८ वरचेच फोटो दाखवत असेल तर ही चाचणी सोडू नका.

ऑटोफोकस तपासायला तीन काडेपेट्या पुरतात. टेबलावर तिरक्या रेषेत, एकीच्या मागे दुसरी ५ सेमीवर. कॅमेरा दीड मीटरवर टेकवून, १.८ वर, मधल्या पेटीच्या छाप्यावर मधल्या पॉइंटने फोकस करा. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा आणि दहा फोटो घ्या. त्यातले सात-आठ मधल्या पेटीवर पक्के हवेत. सगळे सारखेच पुढच्या पेटीकडे किंवा सारखेच मागच्या पेटीकडे झुकत असतील, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये मात्र अचूक येत असतील, तर लेन्स आणि बॉडीचा मेळ बसत नाही. ७०डी, ८०डी, ५डी मार्क टू आणि त्यापुढच्या ५डी बॉडींमध्ये हा फरक मेनूतून भरून काढता येतो, १५००डी किंवा २००डीमध्ये नाही. कधी पुढे, कधी मागे असं अनिश्चित येत असेल तर मात्र दोष मोटर-गिअरमध्ये आहे. मार्क टूमध्ये हे फार: स्विच एएफवर (ऑटोफोकसवर) असतानाच कुणीतरी पुढची कड हाताने फिरवलेली असते आणि प्लॅस्टिकचे दाते झिजलेले असतात. फोकस करताना कर्र असा आवाज येऊन अडकत असेल तर तीच लेन्स.

काचा सरळ बसल्या आहेत का, हे शेवटी. भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण उघडलेलं पान चिकटवा, ट्रायपॉडवर कॅमेरा दीड मीटरवर. पानाच्या मध्यावर छोटा आरसा धरून त्यात लेन्सचं तोंड फ्रेमच्या बरोबर मध्ये दिसेपर्यंत कॅमेरा हलवा, म्हणजे तो भिंतीला समांतर झाला. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने फोकस, २ सेकंदांचा टायमर, १.८ आणि ४ वर एकेक फोटो. चारही कोपऱ्यांतली अक्षरं १.८ ला मऊ असतील, पण सारखीच मऊ हवीत. तीन कोपरे वाचता येतात आणि चौथा ४ वरही पुसट, तर काच तिरकी आहे. दुकानात एवढं मांडायला जागा नसेल तर पैसे देताना ‘दोन दिवसांत तपासून परत करता येईल’ असं बिलावर लिहून घ्या.

भावाचं गणित असं. त्या दिवशी दुकानात भारतीय बिल आणि वॉरंटी कार्डासह नवी एसटीएम किती रुपयांना मिळते तो आकडा धरा. छापील एमआरपी नव्हे, कारण दुकानात भाव सहसा खाली असतो. समजा तो १०,००० रुपये आहे. वॉरंटी शिल्लक, बिलावरचा आणि लेन्सवरचा सिरीयल नंबर जुळतो, वरच्या सगळ्या चाचण्या पार, तर ७,००० पर्यंत द्यावेत. वॉरंटी संपलेली पण बिल आहे, तर साडेपाच ते सहा. बिलच नाही, तर साडेचारच्या वर नको, कारण चोरीची असण्याची शक्यता आणि पुढे विकतानाची अडचण आपल्याच गळ्यात पडते. ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून नवीच पण बिलाशिवाय मिळते, तीही याच भावातली. बुरशी दिसली तर, कितीही थोडी असली तरी, नको. महागड्या लेन्सची साफसफाई परवडते. फिफ्टीला मजुरी धरली तर नवीच्या जवळ किंमत जाते, आणि बुरशीतल्या आम्लाने लेपावर उमटलेले डाग साफ केल्यावरही राहतात.

मार्क टू याच हिशेबात २,५०० ते ३,००० ची, तीही गिअर आणि सांधा पक्का असेल तर. शिकणाऱ्या मुलाच्या हातात द्यायला, फुटली तर हळहळ कमी, यासाठी ती अजूनही चांगली लेन्स आहे. पहिल्या पिढीची मात्र काही जण ‘धातूची, जपानी’ म्हणून नव्या एसटीएमपेक्षा जास्त भावाने सांगतात. हातात घेतली की छान वाटते, हे खरं. पण पाती पाचच, मोटर जुनी, सुटे भाग मिळणं कठीण. संग्रहासाठी घ्यायची तर घ्या, काम करण्यासाठी तेवढे पैसे देऊ नका.

आर५०, आर१० किंवा आर८ सारखी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी असेल तर हिशेब बदलतो. ईएफ फिफ्टी अ‍ॅडॉप्टरवर (जुनी लेन्स नव्या माउंटला जोडणाऱ्या कडीवर) उत्तम चालते, डोळ्यावर फोकस धरते. पण अ‍ॅडॉप्टर नव्याने घ्यावा लागणार असेल तर जुन्या लेन्सचं स्वस्तपण संपतं. तिथे २०२० मध्ये आलेली आरएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम सरळ घ्यावी: वजन तेवढंच १६० ग्रॅम, एक काच अ‍ॅस्फेरिकल (नेहमीच्या गोल वक्राची नसलेली), ३० सेमीपर्यंत जवळ जाते, फिल्टर ४३ एमएम. अ‍ॅडॉप्टर आधीच पिशवीत असेल तरच जुनी.

निकॉनवाल्यांनी फिफ्टीच्या डी आणि जी आवृत्त्यांत गल्लत करू नये. १.८डीमध्ये मोटर नाही, त्यामुळे डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवर ऑटोफोकस होत नाही. २०११ ची १.८जी सगळ्यांवर होते. या लेन्स सुट्या असताना अ‍ॅपर्चर बंद असतं, तेव्हा टॉर्च लावण्याआधी जीची मागची कळ बोटाने सरकवून धरा, डीची रिंग १.८ वर आणा. नाहीतर बारीक छिद्रातून बघून ‘काच स्वच्छ’ म्हणाल आणि कडेची बुरशी तशीच घरी येईल.

घेतल्यावर वापरायच्या दोन सवयी. एसटीएमची नळी बाहेर आलेली असताना कॅमेरा बंद केला तर काही बॉडींवर ती बाहेरच राहते आणि पिशवीत दाबली गेली की गिअरवर ताण येतो. म्हणून बंद करण्याआधी दूरच्या एखाद्या गोष्टीवर फोकस करायचा, नळी आत जाते. आणि हाताने फोकस करायचं तर कॅमेरा चालू हवा. बंद असताना रिंग नुसतीच फिरते, काही हलत नाही, ती बिघडलेली नसते.

दुसरं पावसाळ्याचं. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वरच असते, आणि बुरशीला तेवढी पुरते. लेन्स कपाटात कपड्यांमध्ये किंवा चामडी पाउचमध्ये ठेवू नका. रबराच्या कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात १५०-२०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. ३० च्या खाली गेला तर थोडं जेल काढून घ्या, फार कोरड्या हवेत आतलं वंगण सुकतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की गडद हिरवं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात तापवणं बरं नाही. हिरवं झालेलं नारिंगी जेल स्वयंपाकाच्या नसलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर, हलवत, रंग परत नारिंगी होईपर्यंत तापवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच डब्यात. गरम टाकलं तर डब्याच्या झाकणाला आतून वाफ धरते आणि ती थेट काचेवर उतरते.